कोशिंबीर

कोशिंबीर हा महाराष्ट्रीय जेवणातील तोंडीलावण्याचा एक पदार्थ आहे. कच्च्या किंवा किंचित वाफवलेल्या भाज्या आणि फळे चिरून, किसून अथवा चोचवून त्यांत भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, मीठ, साखर, लिंबाचा रस किंवा दही घालून ती केली जाते. बहुतेक कोशिंबिरींना वरून फोडणी देतात. जेवणाचे पान वाढताना लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डाव्या बाजूला येतात. भाजी, उसळ, आमटी उजव्या बाजूला. डावीकडचे पदार्थ थोडे वाढायचे असतात, परंतु पानाची चव बरीचशी त्यांच्यावर अवलंबून असते. कोशिंबीर ही जेवायला बसण्याच्या बेताने करायची असते. सकाळी करून दुपारी वाढलेली कोशिंबीर ही केवळ पाण्यात पडलेली भाजी होय.

नाव व जवळचे प्रकार

कन्नडमधील ‘कोसंबरी’ हा शब्द आणि पदार्थ दोन्ही कोशिंबिरीच्या जवळचे आहेत. कर्नाटकात भिजवलेली मुगाची डाळ, काकडी व ओले खोबरे यांची कोसंबरी रामनवमीला करतात. महाराष्ट्रातही मुळ्याच्या कोशिंबिरीत भिजवलेली डाळ घालण्याची रीत आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला होणारी कैरीची वाटली डाळ ही याच कुळातील म्हणावी लागेल, जरी ती कोशिंबीर म्हणून ओळखली जात नाही.

बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीला किंवा मुळ्याच्या पाल्याला अनेक घरांत ‘पचडी’ म्हणतात. भाजलेल्या किंवा उकडलेल्या भाजीत दही कालवले की ‘भरीत’ होते. फळांचा वा भोपळ्याचा गोडसर प्रकार ‘रायते’ या नावाने ओळखला जातो. या सीमारेषा काटेकोर नाहीत आणि घराघरांत नावे बदलतात. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) सारख्या पाकपुस्तकांमुळे अनेक घरगुती प्रकार लेखी स्वरूपात आले, तरी प्रमाण ‘अंदाजाने’ हेच राहिले.

‘घोळाणा’ हा प्रकार मात्र वेगळा नोंदवायला हवा. मेथी, करडई, हरभरा यांचा कोवळा पाला किंवा कांद्याची पात बारीक चिरून तिच्यात कच्चे तेल, तिखट, मीठ व कूट मिसळतात. त्याला फोडणी नाही आणि साखरही नाही. हिवाळ्यात शेतावर बाजरीच्या भाकरीबरोबर तो खाल्ला जातो. शहरी पाकपुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते. पण कच्च्या पाल्याचा इतका ताजा पदार्थ मराठी खाद्यपरंपरेत दुसरा नाही.

काकडी चोचवण्याची रीत

काकडीच्या कोशिंबिरीला ‘खमंग काकडी’ असेही म्हणतात. तिच्यासाठी काकडी किसत नाहीत, चोचवतात. काही भागांत ‘कोचवणे’ असा शब्द आहे. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून तिच्या कापलेल्या तोंडावर धारदार सुरीने जवळजवळ वार करतात. हात सावकाश फिरवत राहिले की उभ्याआडव्या चिरा पडतात. मग सुरी आडवी धरून वरचा पातळ थर कापला असता बारीक, टोकदार तुकडे ताटात पडतात. पुन्हा वार, पुन्हा काप, असे शेवटपर्यंत चालते. सुरीचा वार बोटांच्या वर राहील इतकी काकडी नेहमी हाताबाहेर असावी. शेवटचा तुकडा पाटावर ठेवून चिरावा.

ही मेहनत हौसेपोटी केलेली नाही. किसणीवर काकडी घासली की तिच्या पेशी चिरडतात आणि निम्मे पाणी तेथेच सुटते. चोचवलेला तुकडा स्वच्छ कापला जात असल्याने कुरकुरीत राहतो. मीठ घातल्यावर मात्र पाणी सुटणारच, कारण मिठामुळे पेशींतील पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते. म्हणून मीठ अगदी शेवटी घालतात. दुसरी रीत अशी की मीठ आधी लावून काकडी दहा मिनिटे ठेवायची व हलक्या हाताने पिळायची. ते पाणी थालीपिठाच्या पिठात वापरता येते.

घरी करण्याची पद्धत

चार माणसांसाठी दोन मध्यम काकड्या पुरतात. काकडीच्या देठाकडचा भाग प्रथम कापून चाखून पाहावा. कडूपणा आणणारी कुकुरबिटासिन ही द्रव्ये देठाकडे व सालीखाली अधिक असतात. कापलेले टोक काकडीवर घासून फेस काढण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु खरा उपयोग कडू भाग काढून टाकण्याचा होतो. संपूर्ण काकडी कडू लागली तर मीठ-साखरेने चव झाकून ती खाऊ नये. याच द्रव्यांमुळे कडू दुधीचा रस प्यायलेल्यांना गंभीर विषबाधा झालेली आहे.

चोचवलेल्या काकडीत तीन ते चार मोठे चमचे दाण्याचे जाडसर कूट, एक मोठा चमचा ओले खोबरे, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साखर व कोथिंबीर घालावी. कूट फार बारीक केले तर त्याला तेल सुटते आणि कोशिंबीर लगद्यासारखी होते. खलबत्त्यात कुटलेले सर्वांत बरे. शेंगदाणे मंद आचेवर, साल सुटेपर्यंत भाजावेत. जळका दाणा एक जरी कुटात गेला तरी तो लपत नाही. लहान कढल्यात दोन चमचे तूप तापवून जिरे तडतडू द्यावे, हिरव्या मिरचीचे तुकडे घालावेत आणि फोडणी काकडीवर ओतून भांडे मिनिटभर झाकावे. मीठ पाने घेतल्यावर.

हीच कोशिंबीर उपवासालाही चालते, कारण तूप-जिऱ्याची फोडणी उपवासाला मान्य आहे. कोथिंबीर चालते की नाही याविषयी घरोघर मतभेद असतात. इतर दिवशी तेलात मोहरी, हिंग व हळद घालून फोडणी करतात. काकडीचा पांढुरका हिरवा रंग राखायचा असल्यास हळद टाळतात. दह्याच्या कोशिंबिरीत फोडणी कोमट झाल्यावरच घालावी, अन्यथा दही फुटते. दही आणि लिंबू घातलेली कोशिंबीर कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. गाजर, बीट व कोबी पाणी कमी सोडतात, म्हणून नवशिक्याने त्यांपासून सुरुवात करणे सोयीचे.

स्वच्छता

कोशिंबीर शिजत नाही, ही तिची चव आणि तिचा धोकाही. मैलामिश्रित पाण्यावर वाढलेल्या किंवा अशा पाण्यात धुतलेल्या भाज्यांतून हगवण, विषमज्वर व कावीळ यांचा प्रसार होऊ शकतो. डुकरातील पट्टकृमीची अंडी अशा कच्च्या भाजीतून पोटात गेल्यास त्याच्या अळ्या मेंदूत गाठी करून राहतात व त्यामुळे फेफरे येऊ शकते. हा आजार डुकराचे मांस न खाणाऱ्यांनाही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोबीची पाने सुटी करून आणि मुळा-गाजर चोळून वाहत्या पाण्याखाली धुवावे. चिरल्यानंतर धुण्यापेक्षा चिरण्यापूर्वी धुणे योग्य. पावसाळ्यात पालेभाज्या कच्च्या खाणे टाळावे आणि मोड आलेले मूग एक वाफ देऊन वापरावेत. उरलेली कोशिंबीर रात्रीसाठी ठेवू नये.

नाशिक परिसर

कोशिंबिरीला लागणारा जवळजवळ सर्व माल नाशिक जिल्ह्यात पिकतो. निफाड तालुक्यातील लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारपेठा कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहेत. पिंपळगावला टोमॅटोचीही मोठी आवक असते. नाशिक शहरात गोदाकाठी भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात ढिगाने मांडलेली दिसते.

कांदा येथे तीन हंगामांत निघतो : खरिपाचा लाल, त्यानंतरचा रांगडा आणि उन्हाळ. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, तर खरिपाचा लाल कांदा फार दिवस ठेवता येत नाही. चिरलेल्या कांद्याचा उग्रपणा गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. मीठ चोळून, पाण्यातून काढून पिळल्यास तो उतरतो. शेतावर हे सोपस्कार नसतात. भाकरीबरोबरचा कांदा बुक्कीने फोडून तसाच खातात आणि तो सुरीने कापलेल्या कांद्यापेक्षा गोड लागतो असे सांगतात.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण वर्ज्य असतो. त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला ‘कांदेनवमी’ साजरी करून कांद्याचे पदार्थ पोटभर खाल्ले जातात. पुढील चार महिने कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीची जागा काकडी घेते. पावसाळी काकडी त्याच सुमारास बाजारात येते, हा योग सोयीचा आहे. नैवेद्याच्या पानातील कोशिंबीर तर बाराही महिने कांद्याविनाच असते.

लाओसमधील पपईचा प्रकार

आग्नेय आशियातील लाओस देशात कच्च्या पपईचा ‘ताम मक हुंग’ हा पदार्थ रोजच्या खाण्यातला आहे. ‘ताम’ म्हणजे कुटणे व ‘मक हुंग’ म्हणजे पपई. तेथे सोललेली पपई हातात धरून तिच्यावर सुरीने उभे वार करतात आणि मग वरचा थर कापून लांब, पातळ काड्या पाडतात. काकडी चोचवण्याशी या क्रियेचे साम्य थक्क करणारे आहे. फरक एवढाच की लाओसमध्ये पपईच्या लांबीला धरून वार होतात, म्हणून तुकड्यांऐवजी काड्या निघतात. नंतर उखळात लसूण, मिरची, टोमॅटो, लिंबू व ‘पादेक’ हे आंबवलेल्या माशांचे दाट, उग्र द्रव घालून सर्व हलके कुटतात. पपईचा चेंदा करायचा नसतो, तिला केवळ रस पिऊ द्यायचा असतो. तो चिकट भाताबरोबर खातात. शेजारच्या थायलंडमधील ‘सोम ताम’ या प्रकारात भाजलेले शेंगदाणेही असतात.

पपई, मिरची व टोमॅटो ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. आज लाओसची ओळख बनलेला हा पदार्थ त्यामुळे फार प्राचीन असू शकत नाही. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच, म्हणजे कुटाशिवाय कल्पना करवत नाही ती मराठी कोशिंबीरही या बाबतीत वेगळी नाही.

नंदुरबार जिल्ह्यात पपईची मोठी लागवड असल्याने कच्ची पपई नाशिकमध्ये मिळणे अवघड नसते. तिला चीक असतो. म्हणून सोलण्यापूर्वी चिरा पाडून तो गळू द्यावा, हाताला तेल लावावे आणि काड्या थंड पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून निथळाव्यात. गरोदर स्त्रियांनी कच्ची पपई टाळावी. पादेकाऐवजी शाकाहारी घरांत मीठ, चिंचेचा कोळ व थोडा गूळ वापरता येतो. त्याची चव लाओसची राहत नाही, पण हिरवी मिरची आणि लसूण खलबत्त्यात कुटून घातल्यास पपईची उत्तम कोशिंबीर होते. तिला फोडणी देऊ नये.