हरताळ आणि तांबडी शाई

जुन्या हस्तलिखित पोथ्या हाताळण्याचा मला नाद आहे. या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली, तर तो अक्षर खरवडीत बसत नसे. त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई. अक्षर खाली तसेच राही, पण ते वाचावयाचे नाही असा त्याचा अर्थ. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. उलट जे शब्द नजरेत भरावेत, अध्यायाची समाप्ती म्हणा, ‘उवाच’ म्हणा, ते तांबड्या शाईने लिहीत. मूळ मजकूर एक, आणि तो कसा वाचावा हे सांगणाऱ्या खुणा निराळ्या.

प्राणिमात्राच्या शरीरातही अशी एक पोथी आहे, आणि तिच्यावरही खुणा आहेत, हा शोध गेल्या आठ दशकांतला. मौज अशी, की त्यातले पुष्कळसे धडे शास्त्रज्ञांनी घेतले ते फळमाशी, मधमाशी, कालव अशा पाठीला कणाही नसलेल्या जीवांपासून.

कथेचा आरंभ कॉनरॅड वॉडिंग्टन या इंग्रज गृहस्थापासून करावा लागतो. जन्म १९०५चा. वडील वायनाडच्या चहामळ्यावर नोकरीस, त्यामुळे बाळपणीची पहिली वर्षे हिंदुस्थानात गेली. मग चौथ्या वर्षी पोराची रवानगी विलायतेत नातेवाइकांकडे झाली. पुढे केंब्रिजला त्याने भूगर्भशास्त्र घेतले आणि अभ्यासाला निवडले ते अॅमोनाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शंखधारी सागरी जीव. आपल्याकडे ज्यांना शाळिग्राम म्हणून पूजतात, त्यांच्यात ज्यांचे ठसे सापडतात तेच हे. दगडातला शंख पाहता पाहता हा मनुष्य ‘आकार घडतो कसा?’ या प्रश्नात अडकला तो कायमचा.

१९४२ साली त्याने ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द प्रचारात आणला. एका अंड्यापासून डोळाही होतो आणि यकृतही होते. दोन्ही ठिकाणच्या पेशींत जनुकांची पोथी एकच. मग एक पेशी एक अध्याय वाचते आणि दुसरी दुसरा, हे कशाने? १९५७च्या ग्रंथात त्याने यासाठी एक चित्र दिले : डोंगरउतारावर एक गोळा उभा आहे, खाली अनेक दऱ्या फुटल्या आहेत, आणि गोळा एकदा एका दरीत शिरला की शेजारच्या दरीत जाणे कठीण. त्या चित्राइतके चित्र जीवशास्त्रात क्वचितच गाजले असेल.

त्या काळी हा विषय बोलणे जोखमीचे होते. परिस्थितीने शरीरात घडलेला फरक मुलांना वारशाने मिळतो, हे मत रशियात लायसेंको याने सरकारी बळावर लादले होते. त्याला विरोध करणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मेला, आणि १९४८ साली तर तिथे आनुवंशशास्त्रावरच बंदी आल्यासारखे झाले. ज्या प्रश्नापायी माणसे मेली, त्याच प्रश्नाला वॉडिंग्टनने एडिंबरोच्या प्रयोगशाळेत शांतपणे हात घातला. त्याने फळमाशीचे कोश चार तास ४० अंश उष्णतेत ठेवले. त्यातल्या काही माश्यांच्या पंखावरची एक आडवी शीर नाहीशी झाली. तेवढ्याच माश्यांची प्रजा त्याने पिढ्यान्‌पिढ्या वाढवली, आणि अखेर अशा माश्या निपजल्या की ऊब न देताही त्यांच्या पंखावर ती शीर नसे! लायसेंकोच्या अनुयायांना आनंद व्हावा असाच हा प्रकार; पण वॉडिंग्टनचे स्पष्टीकरण निराळे होते. उष्णतेने पोथीत नवे अक्षर लिहिले नव्हते. आधीपासून विखुरलेली, दडून बसलेली अक्षरे निवडीने एकत्र आली होती. मला या प्रयोगापेक्षाही त्या संयमाचे कौतुक अधिक वाटते.

खुणा कशाच्या बनतात हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. १९७५ साली, त्याच्याच मृत्यूच्या वर्षी, हॉलिडे व प्यू या जोडीने आणि अमेरिकेत रिग्ज याने स्वतंत्रपणे सुचवले, की डीएनएच्या एका अक्षराला चिकटणारा मेथिल नावाचा चिमुकला तुकडा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, हीच ती खूण असावी. सस्तन प्राण्यांत पाहावे तो जनुकाच्या आरंभी हा तुकडा बसला, की जनुक मुके होई. म्हणजे तो हरताळच ठरला.

१९७९ साली एड्रियन बर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सी-अर्चिनच्या, म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेल्या त्या सागरी गोळ्याच्या, डीएनएत निराळेच दृश्य पाहिले : काही पट्टे खुणांनी भरलेले, काही अगदी कोरे. पण प्रयोगशाळांची लाडकी फळमाशी आणि तितकाच लाडका सूक्ष्म गोलकृमी, दोघांच्या अंगी या खुणा जवळजवळ नव्हत्याच. तेव्हा कणाहीन प्राण्यांत या प्रकरणाला फारसे महत्त्व नाही, अशी समजूत रूढ झाली. दोन घरे पाहून सगळ्या गावाची चालरीत ठरवावी, तसे हे झाले.

ती समजूत मधमाशीने मोडली. राणीमाशी आणि कामकरी माशी यांची पोथी एकच. फरक अळीच्या खाण्यातला. २००६ साली मधमाशीच्या अंगी मेथिल-खुणा करणारी सगळी यंत्रणा सापडली. पुढे २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे कुखार्स्की, मालेश्का आदींनी नुकत्या जन्मलेल्या अळ्यांत त्या खुणा करणारे एक जनुक दाबून टाकले, तो बहुसंख्य अळ्या राण्या होऊनच बाहेर आल्या!

आता कालवांकडे येतो. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकावरून कालवे काढणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या जीवाची ओळख करून द्यायला नको. अभ्यास मुख्यत्वे झाला तो त्याच्या जपानी चुलतभावाचा. बाल्यावस्थेतले दोन-तीन आठवडे पोहून झाले, की कालव एका जागी स्वतःला चिकटवून घेते आणि मग जन्मभर तिथून हलत नाही. ओहोटीला ऊन, भरतीला गार पाणी, पावसात गोडे पाणी, जे येईल ते सोसायचे. पळून जाण्याची सोय नाही, तेव्हा पोथी निरनिराळ्या तऱ्हेने वाचणे एवढेच त्याच्या हाती. लिंगसुद्धा ते बदलते. बहुतेक आधी नर असतात आणि पुढे मादी होतात. २०१२ साली त्याची सबंध पोथी वाचून झाली. उष्णतेच्या मारापासून पेशींना सांभाळणाऱ्या एका प्रथिन-कुळाची माणसात सुमारे १७ जनुके आहेत. कालवात ८८ निघाली. त्या अबोल जीवाने किती तरतूद करून ठेवली आहे पाहा.

पण खरी गंमत खुणांची. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॅव्हरी व रॉबर्ट्स यांनी २०१० पासून त्या तपासल्या. जी जनुके अष्टौप्रहर लागतात, त्यांच्यावर खुणा दाट. जी संकटप्रसंगी लागतात, त्यांच्यावर विरळ. आणि खुणा जनुकाच्या आरंभी नव्हेत, पोटात. ज्यांवर त्या दाट, ती जनुके बहुधा अधिक जोमाने बोलणारी! म्हणजे एका प्राण्यात जो हरताळ, तोच दुसऱ्यात तांबडी शाई. विरळ खुणांच्या जनुकांना वाचनाची अधिक मोकळीक मिळत असावी, असा गॅव्हरी-रॉबर्ट्स यांचा तर्क आहे. तर्कच तो, पण मला पटतो.

हे सगळे पोटापाण्याशीही येऊन भिडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरून पाण्याची आम्लता वाढते आहे, आणि अशा पाण्यात कालवाच्या पिलांना शिंपला बांधता येत नाही. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरील व्हिस्की क्रीक या कालव-पैदास केंद्रात २००७-०८ च्या सुमारास पिले हौदच्या हौद मरू लागली. मालक आधी जंतूंना दोष देत होते. कारण निघाले ते खोल समुद्रातून वर येणारे आम्ल पाणी. मग प्रश्न आला : आईबापांनी असे पाणी सोसले असेल, तर पिले अधिक काटक निपजतील काय? सिडनीच्या कालवांवर लॉरा पार्कर व सहकाऱ्यांनी हे पाहिले आणि २०१२ साली प्रसिद्ध केले. सोसलेल्या आईबापांची पिले खरोखरच मोठी होती, वाढतही लवकर होती. त्याचप्रमाणे तणनाशक सोसलेल्या जपानी कालवांच्या पिलांत मेथिल-खुणाच बदललेल्या दिसतात, हे २०१७ साली आढळले.

इथे वॉडिंग्टनचा संयम आठवावा. सिडनीच्या पिलांना आईने अंड्यात अधिक शिदोरी बांधून दिली असेल. दुबळी पिले आधीच गळून गेली असतील. खुणांनीच हे केले असे त्या प्रयोगावरून म्हणता येत नाही. ओरेगनच्या मालकांना तर थांबायला सवडही नव्हती. त्यांनी पाण्याची आम्लता सतत मोजणारी यंत्रे बसवली, आणि काटा हलला की हौदात सोडा टाकायला सुरुवात केली. तोच, कपडे धुण्याचा.