मिश्रीचा डबा आणि फर्स्ट शिफ्ट

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. डेन्मार्कचे जे. जे. पिंडबोर्ग, मुखरोगांतले जगात नावाजलेले जाणकार, तेही या कामात होते. १९७२ साली अभ्यास छापून आला. शंभर बायकांत ३९ जणी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, लावत होत्या. पुरुषांत मात्र शंभरात एकसुद्धा पुरता भरत नव्हता.

मी आकुर्डीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होते. माझं सासर खेड तालुक्यातलं, चाकणच्या अलीकडचं. हे आकडे मी नोकरीच्या उत्तरार्धात वाचले, पण त्यांतल्या बायका मला आधीपासून माहीत होत्या. सकाळी उंबऱ्यावर बसून, डाव्या तळहातावर काळी पूड घेऊन, उजव्या हाताची तर्जनी हिरड्यांवरून फिरवणाऱ्या. माझ्या सासरी घरातल्या सगळ्याच बायका लावायच्या आणि शेजारच्या चार घरांतही तेच. त्यांना कुणी व्यसनी म्हटलं नाही. त्या दात घासत होत्या.

मिश्री घरीच व्हायची. आठवडे बाजारातून तंबाखूची पानं यायची. दुपारी पुरुष रानात गेले की चुलीवर जुना, भाकरीला न लागणारा तवा चढायचा. पानं चुरून त्यावर टाकायची आणि उलथन्यानं हलवत राहायचं. आधी तांबूस, मग तपकिरी, मग कोळशासारखी काळी. त्या धुरानं सगळ्या आळीला ठसका लागायचा, लहान पोरांना बाहेर हाकलायचे. गार झालं की हातानं चुरायचं, नाहीतर खलात कुटायचं, फडक्यानं गाळायचं आणि बामच्या नाहीतर पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायचं. पंधरा दिवसांची बेगमी. डबा कमरेच्या पिशवीत, उशाशी, देवळीत, जिथे हात लगेच पोचेल तिथे.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या दिवसाला पाच-सहा वेळा लावायच्या. उठल्यावर एकदा, न्याहारीनंतर, खुरपणीला बसण्याआधी, दुपारी, दिवेलागणीला, निजताना. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "न्हाय लावली तर डोकं उठतंय, परसाकडं व्हत न्हाय. दाढ ठणकायची तवा मायनं लावली, तवापासनं हाय बघ." त्यांचं वय तेव्हा किती असेल, दहा-बारा. हिरडीच्या पातळ कातडीतून निकोटिन रक्तात उतरतं. दुखणं तेवढ्यापुरतं बधिर वाटतं आणि सवय कायमची बसते. मुलीच्या दुखऱ्या दाढेवर आईनं ठेवलेलं ते औषध होतं, आणि म्हणूनच ते एवढं टिकलं. खेड्यातल्या बाईला तंबाखू खायची किंवा बिडी ओढायची मुभा नव्हती, दात घासायची होती. दिवसभरात निवांत बसायला तिला दुसरं निमित्तही नव्हतं. दोन जावा एकमेकींच्या डब्यातली चिमूट घेऊन ओसरीवर दहा मिनिटं बसल्या तर सासूही काही बोलत नसे, कारण सासूही तिथेच बसलेली असायची. या प्रथेचा इतिहास लिहायचा तर ही दहा मिनिटं त्यात आलीच पाहिजेत. नाहीतर आपण नुसता रोग लिहू, बाई राहून जाईल.

ही चाल फार जुनी असूच शकत नाही, कारण तंबाखूच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्याआधीची दात घासायची रीत आयुर्वेदात तपशिलानं आहे. चरकानं तुरट, तिखट, कडू चवीच्या काड्या सांगितल्या, टोक चावून कुंचला करायला सांगितला, हिरडीला इजा होऊ देऊ नका असं बजावलं आणि हे दिवसातून दोन वेळा करायला सांगितलं. हे दोन वेळा मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या भागात बाभूळ आणि कडुनिंबाचं दातवण चालायचं. बांधावर, ओढ्याकाठी, इंद्रायणीच्या अंगाला बाभळी हव्या तेवढ्या. ज्याला काडी मिळाली नाही तो राखुंडी घ्यायचा, नाहीतर मीठ. राखेनं दात पांढरे दिसतात, पण खरखरीत राखेनं रोज घासलं की दाताचं वरचं कवच झिजतं. म्हणजे जुनं ते सगळंच चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. पण दातवणाला वेळ द्यावा लागायचा. माणूस काडी चावत रानाकडे निघायचा आणि रान येईपर्यंत चावत राहायचा.

मग कारखाने आले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. १९६० साली आकुर्डीत बजाजचा कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ टेल्को. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका. चिखली, तळवडे, मोशी, भोसरी इथल्या घरांतली मुलं गेटच्या आत गेली. ज्या बांधांवर बाभळी होत्या त्यांतले कितीतरी बांध प्लॉटच्या आखणीत गेले. आणि सकाळ आखडली. फर्स्ट शिफ्टची बस पकडायची म्हणजे अंधारात उठायचं. काडी चावत बसायला कुणाला वेळ? डब्यातली पूड बोटावर घेतली, दोन हात मारले, चूळ भरली आणि निघाले. काळं दंतमंजन, लाल मंजन, पांढरी टूथ पावडर आणि विकोची वज्रदंती. विको ही केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत, परळला, घरातून सुरू केलेली कंपनी. घरोघर जाऊन मंजन विकत त्यांनी ती वाढवली. मराठी मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात तो डबा दिसायचा. पुढे पेस्ट आणि ब्रश आला, तो आधी कंपनीत जाणाऱ्या माणसाला. एका घरात नवऱ्याचा ब्रश, पोरांचं मंजन आणि बायकोची मिश्री, असं मी कितीतरी वर्षं पाहिलं. घरातला पगार बदलला तरी घरात राहणाऱ्या बाईच्या तोंडापर्यंत तो बदल सर्वांत शेवटी पोचला.

पुरुषांचं सगळं चांगलं झालं असंही नाही. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाआड ठेवायची सवय शॉपफ्लोअरवरच लागायची. मशीनवर विडी चालत नाही, पेटतं काही नेता येत नाही. पुडी खिशात लपते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला गाल धरून कुणीतरी दवाखान्यात यायचं. माझ्याकडे लवंगेचं तेल आणि कापूस असायचा. तात्पुरतं थांबायचं. "सिस्टर, गोळी द्या, सूज उतरू द्या, दाढ काढायला सुट्टी कुठं घेऊ?" हे वाक्य मी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. गोळीनं सूज उतरायची, महिना-दोन महिन्यांनी तीच दाढ पुन्हा. पू दाढेच्या मुळाशी असतो. नुसती गोळी तो पसरू देत नाही, मूळ तिथेच राहतं.

तरी पेनिसिलीनचं ऋण मी विसरणार नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला की श्वास कोंडतो. प्रतिजैविकं येण्याआधी असे निम्म्याहून अधिक रोगी दगावत. ज्या औषधानं हे चित्र पालटलं ते आमच्या पिंपरीत तयार होत होतं, याचा मला अजून अभिमान वाटतो. आणि त्याच औषधानं मला एक गोष्ट शिकवली. संधिज्वरानं ज्यांच्या हृदयाच्या झडपा लहानपणी खराब झालेल्या असत, त्यांची दाढ काढायची तर डॉक्टर आधी प्रतिजैविक द्यायला सांगत. कारण हिरडीतून रक्त येतं तिथून तोंडातले जंतू रक्तात जातात आणि खराब झडपेवर जाऊन बसू शकतात. दाताचा हृदयाशी काय संबंध, असं विचारणाऱ्या कामगाराला मी एवढंच सांगायचे, आणि त्याला ते पटायचं.

मधुमेहाचंही तसंच. पिंपरी-चिंचवडची पहिली कामगार पिढी पन्नाशीला आली तेव्हा साखरेचे रोगी माझ्याकडे वाढले. ज्याची साखर आवरत नाही त्याच्या हिरड्या सुजतात, दात हलतात. आणि हिरड्यांत पू असला की साखरही आवरत नाही. हे दुहेरी नातं आता वैद्यकात मान्य आहे. पायाच्या जखमेची काळजी घेणारी माणसं हिरडीतून येणारं रक्त मात्र 'उष्णता झाली' म्हणून सोडून देतात. शरीरावरची ती एक न बरी होणारी जखमच असते.

बायकांकडे परत येते. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवरचा अभ्यास आला. धूर न होणारा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि दिवसही कमी भरले. त्या बायकांत सर्वाधिक वापर मिश्रीचाच होता. ज्या सुनेला गरोदरपणात सासू मायेनं 'दात किडतील, लाव थोडी' म्हणत डबा पुढे करायची, तिच्या पोटातल्या लेकरापर्यंत ती चिमूट पोचत होती. माझ्या मते या प्रथेचा सर्वांत जड हिशोब हाच आहे.

कायदा झाला. १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि टूथ पावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. दुकानातला डबा त्यानं अडवला. चुलीवरचा तवा कोणता कायदा अडवणार? तिथे बाईनं बाईला सांगावं लागतं. आत्याबाईंच्या हिरड्या साठीच्या आत खाली उतरल्या, मुळं उघडी पडली, दात एकेक करून हातात आले. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा मी त्यांना बळेच तपासायला नेलं. तुकडा काढून तपासला, कर्करोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, सोडलं तर चट्टा जाऊ शकतो. त्यांनी सोडली, पण एका दिवसात नाही. आधी दुपारची, मग संध्याकाळची, असं करत. डोकं उठायचं, चिडचिड व्हायची. मी त्यांना बडीशेप दिली, आणि ओसरीवरची दहा मिनिटं मात्र मोडू दिली नाहीत. डब्याशिवाय त्यांच्याजवळ जाऊन बसले. चट्टा पुढे विरला. नातीला त्यांनी कधी बोटही लावू दिलं नाही.

आज चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या कंपन्यांत विदर्भ-मराठवाड्यातली, बिहार-उत्तर प्रदेशातली ठेकेदाराची पोरं बारा-बारा तास उभी असतात. मिश्री कमी झाली. तिची जागा मावा आणि गुटख्यानं घेतली. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी पुड्या गेटबाहेरच्या नालीत तरंगताना दिसतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसं तंबाखू वापरताना आढळली, आणि त्यांतली बहुतेक सगळी धूर न होणारा. सुपारीनं गालाच्या आत दोऱ्यांसारखे तंतू तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जात नसतील तर दाखवायला उशीर करू नका. ही सूज नाही, गोळीनं उतरत नाही.

शिफ्टच्या माणसाला मी एक गोष्ट नेहमी सांगत आले. पुस्तकात 'रात्री झोपताना' लिहिलेलं असतं. तुमची रात्र सकाळी आठला होत असेल तर तेव्हा घासा. झोपेत लाळ कमी होते, तोंडात राहिलेल्या साखरेवर जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणून झोपेआधीचं घासणं सर्वांत मोलाचं, घड्याळात काही वाजलेले असोत. फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते, वाटाण्याएवढी. थुंकून टाका, मग लगेच खळखळून चूळ भरू नका. नाइटला मिळणारा चहा बिनसाखरेचा मागून पाहा. चरकानं सांगितलेल्या दोन वेळांतली दुसरी आपण कारखान्याच्या घाईत गमावली, ती परत मिळवणं फुकट आहे.

आणि कंपन्यांच्या डॉक्टरांना विनंती आहे. वार्षिक तपासणीत तुम्ही डोळे बघता, कान बघता, नळीत फुंकायला सांगता. कामगाराला एकदा तोंडही उघडायला सांगा. ओठ उलटून पाहा, जीभ उचलून पाहा, तीन बोटं घालायला लावा. त्याला दोन मिनिटं लागतात. तंबाखू सोडायचा असेल त्याला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक द्या. ही तपासणी कायम कामगारांपुरती ठेवू नका, ठेकेदाराच्या माणसांची आणि कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांचीही करा.