खदिर, बाभूळ व त्यांचीं बदललेलीं नांवें

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वैद्यक-निघंटूच्या पोथीवरून प्रस्तुत लेखकानें टिपणें केलीं. त्यांत एका वृक्षापुढें मूळ शब्द न लिहितां ‘अकेशिया कॅटेचू’ एवढेंच लिहून ठेविलें. आतां नव्या ग्रंथांत हें नांव आढळत नाहीं. त्याचे जागीं ‘सेनेगालिया कॅटेचू’ येतें. वृक्ष तोच, खैर. नांव तेवढें बदललें.

हा फेरफार कसा झाला तें पाहूं. लिनियसनें १७५३ सालीं बाभळीची गणना ‘मिमोसा’ प्रजातींत केली. खैरासही त्याच्या पुत्रानें तेथेंच घातलें. १८०६ सालीं विल्डेनोनें दोन्ही वृक्ष ‘अकेशिया’ प्रजातींत नेले. ही संज्ञा डायॉस्कोरिडीझ या ग्रीक वैद्यानें इजिप्तमधील बाभळीस दिलेल्या नांवावरून निघालेली. पुढें ही प्रजाति एकजिनसी नाहीं असें ठरून तिचे विभाग झाले, तेव्हां मूळ नांव कोणाकडे राहावें हा वाद उत्पन्न झाला. सामान्य नियमानें तें बाभळीच्या शाखेचें. परंतु ऑस्ट्रेलियांतील शाखेंत ९०० हून अधिक जाती असल्यामुळें तितक्यांचें नामांतर टाळण्यासाठीं २००५ सालच्या व्हिएन्ना परिषदेनें तें तिकडे दिलें, व २०११ सालीं मेलबर्न येथें तो निर्णय कायम झाला. बाभूळ ‘व्हाचेलिया निलोटिका’ झाली. जिच्यामुळें नांव पडलें, तीच त्या नांवास मुकली!

कुलाचीही तीच गत. कुकच्या मुंबई इलाख्याविषयींच्या ग्रंथांत (१९०१–०८) हे वृक्ष ‘लेग्युमिनोजी’ कुलांत आहेत. अन्य ग्रंथकारांनीं त्यांस ‘मिमोसेसी’ हें स्वतंत्र कुल दिलें. २०१७ सालच्या नव्या मांडणींत ते पुन्हां मूळ कुलांत येऊन ‘सिसाल्पिनिऑइडी’ उपकुलांत गणले गेले. ‘फॅबेसी’ हें त्याच मूळ कुलाचें दुसरें नियमसंमत नांव होय.

आमच्या कोशांत पर्याय एकमेकांस मारीत नाहींत. अमरकोशांत खदिरास ‘गायत्री’ व ‘दन्तधावन’ हीं नांवें आहेत, आणि श्वेत खदिरास ‘कदर’ व ‘सोमवल्क’ हीं निराळीं. माझ्या टिपणांतील पोथींत खदिर होता कीं कदर, हें आतां सांगतां येत नाहीं. ती पोथी पुन्हां पाहावयास मिळाली नाहीं.

सबब संग्राहकांस विनंती कीं, पोथींतील शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा. लॅटिन नांव त्यापुढें, ज्या ग्रंथांतून घेतलें त्याच्या सालासह लिहावें. पोथींतील शब्द हा पुरावा. लॅटिन नांव हें केवळ संपादकाचें मत होय.