मंगोलियातील साम्यवादी पक्ष आणि भिक्षुसंघ

साम्यवादी चळवळ आणि धर्मसंस्था यांच्या संबंधांचा विचार करताना बहुधा रशियातील ख्रिस्ती चर्चचे उदाहरण पुढे केले जाते. बौद्ध अभ्यासकांच्या दृष्टीने त्याहून अधिक बोधप्रद उदाहरण मंगोलियाचे आहे. सोव्हिएत संघानंतर साम्यवादी मार्ग पत्करणारे जगातील दुसरे राज्य म्हणून ज्याची गणना होते, ते राष्ट्र परंपरेने बौद्ध होते. आणि त्याच राष्ट्रात क्रांतीनंतरच्या दोन दशकांत भिक्षुसंघ जवळजवळ नामशेष झाला. हे कसे घडले व त्यात संघाच्या अंतर्गत स्थितीचा वाटा कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

क्रांतिपूर्व मंगोलियात लहानमोठे मिळून सुमारे ७०० विहार होते. प्रौढ पुरुषांपैकी जवळपास तिसरा हिस्सा लामा होता असा अंदाज केला जातो. प्रत्येक मोठ्या विहाराचा 'जस' नावाचा कोश असे. त्याच्या मालकीचे पशुधन पशुपालकांकडे सांभाळावयास दिले जाई व उत्पन्नाचा वाटा विहाराकडे येई. जेब्त्सुनदाम्बा खुतुक्तु या सर्वश्रेष्ठ धर्मगुरूच्या अधीन असलेल्या प्रजेला 'शाबी' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ शिष्य. परंतु व्यवहारात शाबी म्हणजे वंशपरंपरेने सेवा व कर देणारा अंकित वर्ग होता. शब्द धम्माचा आणि व्यवस्था सरंजामाची, अशी ही स्थिती होती.

येथे विनयाकडे वळणे आवश्यक आहे. पालि चुल्लवग्गात आराम, विहार, मंच-पीठ इत्यादी सांघिक वस्तू 'अविस्सज्जिय' व 'अवेभङ्गिय' म्हणजे देऊन टाकता न येणाऱ्या व वाटून घेता न येणाऱ्या मानल्या आहेत. मंगोल भिक्षू मूलसर्वास्तिवादी विनय मानीत. तथापि संघाची वस्तू ही व्यक्तीची वस्तू नव्हे, हा मूलभूत दृष्टिकोन दोन्हीकडे समान आहे. मंगोलियात विहारांची मालमत्ता नावाने सांघिक राहिली, परंतु तिचा उपभोग मात्र समान नव्हता. श्रेष्ठ लामांचे वैभव आणि सामान्य लामांचे दारिद्र्य एकाच विहारात नांदत होते. पुढे साम्यवाद्यांनी नेमका याच भेदाचा उपयोग केला.

१९११ साली चिंग साम्राज्यापासून स्वातंत्र्य घोषित करून आठवे जेब्त्सुनदाम्बा 'बोग्द खान' या नावाने राज्यपदी बसले. १९१९ मध्ये चिनी सैन्याने ही स्वायत्तता हिरावून घेतली. मार्च १९२१ मध्ये क्याख्ता येथे मंगोल जनता पक्षाची पहिली परिषद झाली आणि जुलैमध्ये रशियन लाल सेनेच्या साहाय्याने पक्षाने राजधानी उर्गा ताब्यात घेतली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पक्षाच्या संस्थापकांपैकी बोदो हे स्वतः लामा होते व चोइबाल्सान यांचे बालपण काही काळ विहारात गेले होते. बोग्द खान यांनाही १९२४ मधील निधनापर्यंत मर्यादित अधिकारांसह राजपदावर ठेवण्यात आले. त्यानंतर लोक-गणराज्य घोषित झाले, उर्गाचे उलानबातर झाले आणि पुढे नव्या अवताराचा शोध घेण्यास मनाई करण्यात आली.

या पहिल्या काळात सुधारणेचा एक मार्ग खुला होता. बुर्यात विद्वान त्सिबेन जाम्त्सरानो आणि रशियातील बौद्धांचे नेते अग्वान दोर्जिएव यांचे मत असे होते की, संघाने संपत्ती व कर्मकांड सोडून मूळ शिकवणीकडे परतावे. तशा शुद्ध धम्माचा साम्यवादाशी विरोध येण्याचे कारण नाही. हा मार्ग १९२८ मध्ये बंद झाला. कॉमिन्टर्न म्हणजे १९१९ साली मॉस्कोत स्थापन झालेली साम्यवादी आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या शिष्टमंडळाच्या दडपणाखाली पक्षाच्या सातव्या परिषदेने मवाळ नेतृत्व दूर केले. सरदारांची व विहारांची मालमत्ता जप्त झाली, पशुपालकांवर सामुदायिकीकरण लादले गेले आणि थोड्याच वर्षांत देशातील सुमारे एक तृतीयांश पशुधन नष्ट झाले. १९३२ च्या वसंतात लामा व पशुपालक यांनी उठाव केला. तो रक्तपाताने मोडण्यात आला. त्याच वर्षी मॉस्कोनेच माघारीचा आदेश दिल्यामुळे काही काळ उसंत मिळाली.

ती टिकली नाही. लामांचा निःपात करावा असा स्टालिन यांचा आग्रह होता. तो पूर्णत्वास नेण्यास टाळाटाळ करणारे पंतप्रधान गेन्देन १९३६ मध्ये पदच्युत झाले व १९३७ मध्ये मॉस्कोत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सप्टेंबर १९३७ पासून चोइबाल्सान यांच्या हाताखाली अटकसत्र सुरू झाले. विशेष आयोगाने सुमारे दीड वर्षात वीस हजारांहून अधिक व्यक्तींना मृत्युदंड दिला. त्यांत बहुसंख्य लामा होते. विहार जमीनदोस्त झाले, ग्रंथ जाळले गेले. दोर्जिएव जानेवारी १९३८ मध्ये कैदेत मरण पावले. जाम्त्सरानो १९४२ मध्ये सोव्हिएत तुरुंगातच निवर्तले. म्हणजे संघातील दोष ज्यांनी सर्वांत आधी ओळखले, त्यांचाही बळी गेला.

१९४४ मध्ये उलानबातरमधील गंदन विहार मर्यादित स्वरूपात पुन्हा उघडला आणि १९७० मध्ये तेथे भिक्षूंच्या शिक्षणासाठी महाविद्यालय सुरू झाले. परंतु हे सारे राज्याच्या देखरेखीखाली होते. १९९० च्या लोकशाही चळवळीनंतरच विहार मोकळे झाले. १९९१ मध्ये म्यॉरॉनजवळ गोळ्या घालून मारलेल्या शेकडो लामांचे अवशेष सापडले. पुनरुज्जीवनात भारताचाही वाटा आहे: लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९९० ते २००० या काळात तेथे भारताचे राजदूत होते व त्यांनी भिक्षूंच्या शिक्षणास मोठा हातभार लावला.

या इतिहासाकडे एकांगी दृष्टीने पाहणे सोपे आहे. संघ शोषक होता म्हणून नष्ट झाला, असे पक्षाचे जुने इतिहासकार म्हणत. संघ सर्वथा निर्दोष होता, असे मानण्याकडे आज अनेकांचा कल दिसतो. आमच्या मते दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. अंकित प्रजेला शिष्य म्हणणारा संघ विनयापासून ढळला होता, हे मान्य करावयास हवे. पण शाबींची व्यवस्था तर १९२५ च्या सुमारासच रद्द झाली होती. १९३७ मध्ये जे मारले गेले, त्यांत असंख्य निर्धन भिक्षू होते. त्यांच्या हत्येने कोणतेही शोषण संपले नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दोघांच्या ध्येयातील साम्य मान्य करून त्यांनी भेद दाखविला तो साधनांचा. मंगोलियाचा इतिहास त्या भेदाचे मोल दाखवितो. मात्र त्याच तुलनेत त्यांनी खासगी संपत्ती नाकारणाऱ्या भिक्षुसंघाचा आदर्शही पुढे ठेवला होता, हे विसरता येत नाही. साधनांविषयी आम्ही साम्यवाद्यांना जाब विचारतो, तेव्हा संपत्तीविषयी विनय आपल्याला विचारीत असलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येक विहारानेही तयार ठेवले पाहिजे.