दात खाणारे गिअर

झोपेत दात खाणाऱ्या मुलाच्या पोटात जंत झालेत, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी धाकट्या भावाची पिकअप दात खाऊ लागली, तेव्हा तिच्या पोटाविषयीही ज्याने त्याने असेच निदान केले. कुणी म्हणाले तेल संपले, कुणी म्हणाले बेअरिंग गेले. चौकातल्या एका फिटरने तर गाडी न हलवताच सांगितले, ‘पेटी खोलावी लागते.’ पेटी म्हणजे गिअरबॉक्स. ती खोलायची तर गाडी चार-पाच दिवस उभी आणि खर्चाचा आकडा उघडल्यावरच कळणार.

तेलगाव हे धारूर तालुक्यातले चौरस्त्याचे गाव. बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरला जाणारा असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. गावाला सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. तरी जिल्ह्यातले हजारो कोयते दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडेच निघतात. कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे, नवराबायकोची एक जोडी. त्यांची भांडी, ताडपत्री, ज्वारीची पोती, कोंबड्या हे सगळे पिकअपमध्ये जाते आणि नियम काहीही म्हणोत, वर माणसेही बसतात. भावाने दोन मुकादमांकडून भाड्याची उचल घेऊन ठेवली होती आणि ती खर्चही झाली होती. पहिल्याच खेपेला गाडीला धारूरचा घाट लागणार होता.

मी इतिहास शिकवतो. यंत्राचे माझे ज्ञान पंक्चरच्या पुढे नव्हते. पण ‘पेटी खोलावी लागते’ हे वाक्य ऐकून आमचे नाना, म्हणजे चुलते, ज्या तऱ्हेने हसले, त्यामुळे मला या आवाजाचा इतिहास शोधावासा वाटला. नानांनी उमेदीची वर्षे उसाच्या ट्रकवर काढली. ते म्हणाले, “आधी ऐक तरी, कवा खातीय दात ते.”

हा आवाज मोटारीइतकाच जुना आहे. 1890 च्या दशकात पॅरिसमध्ये पॅनहार्ड आणि लेव्हासर यांच्या गाड्यांत दांड्यावरून सरकणाऱ्या दातेरी चाकांची पेटी आली. फिरते चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचे, एवढीच तिची युक्ती. दोघांचा वेग जुळला तर ठीक, नाहीतर दातावर दात. एमिल लेव्हासरच्या नावावर एक उद्गार सांगतात : प्रकार रानटी आहे, पण चालतो. याच लेव्हासरने 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत जवळजवळ एकट्याने 48 तासांहून अधिक वेळ गाडी हाकली. तेवढ्या वेळात त्याने किती वेळा दात खाण्याचा आवाज ऐकला असेल, याची मला उत्सुकता आहे.

यंत्राच्या या रानटीपणावर उतारा मिळाला तो माणसाच्या पायात. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला हलकी थाप देऊन आतल्या चाकांचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. हा डबल क्लच. वर चढताना थाप द्यायची नाही, वेग उतरेपर्यंत एक श्वास थांबायचे. चार-पाच हालचालींचे हे काम नाना बोलता बोलता करीत. निजामाच्या राज्यात 1932 साली रेल्वे खात्याच्या अंगाने सरकारी बससेवा सुरू झाली, ती 27 गाड्यांवर. आमचा बीड जिल्हा 1948 पर्यंत त्याच राज्यात होता. त्या काळच्या जड गाड्यांत वेग जुळवून देणारी सोय सहसा नसे, त्यामुळे गाडी हाकणाऱ्याला हे कसब कान आणि पाय यांच्याच भरवशावर शिकावे लागे. मराठवाड्याच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना आपण रस्ते आणि रेल्वेमार्ग मोजतो, डाव्या पायाचा हिशेब कुणी ठेवत नाही.

उतारा माणसाच्या पायातून यंत्रात गेला तो अमेरिकेत. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची कल्पना कॅडिलॅकने 1928 मध्ये गाडीत आणली आणि तिचे नाव पडले सिंक्रोमेश. पुढे याच थॉम्पसनने क्लचचे पायडलच काढून टाकणाऱ्या स्वयंचलित पेटीच्या कामाचे नेतृत्व केले. सिंक्रोमेशमध्ये मुख्य चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. सरकते ती फक्त एक बाही, जिला फिटर स्लीव्ह म्हणतात. स्लीव्ह आणि गिअर यांच्यामध्ये बहुधा पितळेची, आतून निमुळती रिंग असते. गिअर टाकताना ही रिंग आधी गिअरच्या शंकूवर घासते, घासून दोघांचा वेग सारखा करते आणि मगच स्लीव्हला वाट देते. म्हणजे ‘गिअर घासला’ असे आपण म्हणतो तेव्हा मोठी चाके घासलेली नसतात. आपटलेले असतात ते स्लीव्हचे आणि गिअरच्या कडेचे बारीक दात, कारण मधल्या रिंगने काम केलेले नसते किंवा तिच्यावर आवाक्याबाहेरचे काम पडलेले असते.

हे कसब एका रात्रीत यंत्रात गेले नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिच्या मूळ युद्धकालीन पेटीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश होता, पहिल्याला आणि रिव्हर्सला नव्हता. 1954 मध्ये टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. पुण्यात तयार झालेली टाटा 407 1986 साली आली, टाटामोबाइल 1988 साली. लहान मालवाहू गाडी खेड्यातल्या एकट्या मालकाच्या आवाक्यात येऊ लागली आणि ट्रकच्या किन्नरकीत वर्षे न काढताही माणूस ड्रायव्हर होऊ लागला. माझा भाऊ या पिढीतला. डबल क्लच त्याने फक्त नानांच्या तोंडून ऐकलेला.

त्या दिवशी नानांनी केलेली तपासणी मी वहीत उतरवून घेतली. आधी इंजिन बंद करायला लावले. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स एकेक टाकून पाहिला. सगळे लोण्यात सुरी जावी तसे गेले. म्हणजे दांडी, काटे, लिंकेज शाबूत. मग इंजिन सुरू, गाडी जागेवर, न्यूट्रलला. “आता क्लच पार तळापर्यंत दाब आन् ईस मोज,” नाना म्हणाले. भावाने वीस मोजून रिव्हर्स टाकला. खर्रर्र! नाना उठून उभेच राहिले.

यातला तर्क साधा आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, म्हणून घाईने टाकला तर तो चांगल्या पेटीतही करकरतो. पण क्लच पूर्ण सुटला असेल, तर पेटीतला पहिला शाफ्ट तेलाच्या ओढीने काही सेकंदांत थांबतो. वीस मोजूनही तो फिरत असेल तर इंजिन त्याला अजून ओढते आहे, म्हणजे क्लच सुटतच नाही. दोष पेटीच्या बाहेर आहे. नानांनी गाडीखाली बोट घातले. क्लचच्या स्लेव्ह सिलेंडरचे रबरी टोपण ओले होते. तेल पाझरत होते आणि पायडलची सगळी ढकल पुढे पोचत नव्हती. फिटरकडून सिलेंडरचा किट बदलून, हवा काढून घ्यायला एक दुपार लागली. रिव्हर्स गप्प झाला.

पण दुसरा गिअर गप्प झाला नाही. वेगात असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरले की तो अजून दात खाई, तेही सकाळी गाडी थंड असताना जास्त. एकाच गिअरला आणि चालत्या गाडीत आवाज येतो तेव्हा संशय त्या गिअरच्या रिंगवर घ्यायचा. नानांनी भावाशेजारी बसून डबल क्लच करवला. पायाने वेग जुळवून दिला की दुसरा आवाज न करता जाई. रिंग करत नव्हती ते काम पायाने झाले, म्हणजे निकामी काय ते उघडच होते. पेटीचे तेल थोडे काढून उन्हात धरले, तर त्यात सोनेरी चमक. ते पितळ होते. न सुटणाऱ्या क्लचवर भावाने कितीतरी महिने गिअर रेटले होते. रिंगने थांबवायचा असतो एक मोकळा शाफ्ट, तिच्यावर वेळ आली होती सबंध इंजिनाशी झुंजायची.

तेलाचे एक राहिले. पेटीच्या तेलाला जीएल-4 आणि जीएल-5 असे दर्जे असतात. जीएल-5 मुख्यतः मागच्या डिफरन्शियलसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची जादा मात्रा पितळी रिंगला बाधू शकते. मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते ते तेल घालावे. भावाची पुस्तिका देव्हाऱ्यात, आरसीच्या झेरॉक्सखाली सापडली. आधीच्या वेळी तेल कोणते घातले, ते मात्र त्याला आठवेना.

आता प्रश्न उरला तो तारखेचा. पेटी खोलली तर दोन्ही मुकादमांची भाडी जाणार, उचल परत कुठून द्यायची? न खोलता जावे तर घाट. धारूरकडून तेलगावला उतरताना वळणे अशी आहेत की खालचा गिअर पडला नाही आणि गाडी न्यूट्रलला राहिली, तर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. फिटरचे ‘खोला’ अगदीच चूक नव्हते, त्याचा क्रम चुकला होता, हे मला तेव्हा कळले.

नानांनी मधला मार्ग काढला. माथ्यावर, उतार सुरू होण्याआधीच, गाडी जवळजवळ थांबवून दुसरा टाकायचा आणि पायथ्यापर्यंत बदलायचा नाही. अध्येमध्ये बदलायची वेळ आलीच तर डबल क्लच. माणसे एसटीने येतील, गाडीत फक्त सामान. मुकादम कुरकुरला, पण तयार झाला. चार दिवस भावाने माजलगाव रस्त्यावर पहाटे रिकामी गाडी घेऊन पायाचा सराव केला. मी शेजारी बसून मोजत होतो.

निघायच्या दिवशी नाना स्वतः गाडीत बसले. पट्टीवाढ झाल्यावर, उन्हाळ्यात, पेटी खोलली. दुसऱ्या गिअरची रिंग शंकूवर बसवून बघितली तर मधली फट जवळपास संपलेली, आतले बारीक आटे गुळगुळीत. बाकीच्या रिंग्ज चांगल्या होत्या. ती झिजलेली रिंग भाऊ भंगारात टाकणार होता. मी मागून घेतली. वर्गात सातवीच्या मुलांना मी चाकाचा शोध शिकवतो, तेव्हा ती टेबलावर असते.