फाईलला चिकटलेल्या न दिसणाऱ्या चिठ्ठ्या

आजचा भाग ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. विषय जरा किचकट वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. कारण ही गोष्ट तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे.

सुरुवात माझ्याच गाढवपणापासून करते. कॉलेजच्या सुट्टीत मी आजीच्या ट्रंकेतले जुने फोटो स्कॅन केले. ती शेजारी बसून सांगायची, "ही माझी मावशी, हा तिचा धाकटा दीर." मी लिनक्सवरच्या डॉल्फिन या फाईल मॅनेजरमध्ये प्रत्येक फोटोला ते कॉमेंट म्हणून जोडत गेले. मग सगळं पेनड्राइव्हवर कॉपी केलं आणि लॅपटॉप फॉरमॅट मारला. फोटो शाबूत, नावं गायब! एकही एरर आली नव्हती. आता आजी नाही, आणि निम्म्या चेहऱ्यांना नाव नाही.

झालं काय? ती नावं फोटोच्या फाईलमध्ये नव्हतीच. ती होती बाहेरून चिकटवलेल्या चिठ्ठीवर. तिचं अधिकृत नाव एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट, थोडक्यात एक्सॲटर. एक नाव आणि त्यापुढे एक मजकूर, अशी जोडी. माझा पेनड्राइव्ह फॅट-३२ होता, आणि त्या पद्धतीत अशी चिठ्ठी ठेवायला जागाच नाही.

कल्पना मात्र बरीच जुनी. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाईलला दोन भाग असायचे, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. शिवाय ही फाईल कुठल्या प्रकारची आणि कुठल्या प्रोग्रॅमची, हे सांगणारे चार-चार अक्षरांचे कोड. १९८९ मध्ये ओएस/२ मध्ये एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट्स आले, एका फाईलमागे ६४ केबीपर्यंत. १९९३ ला विंडोज एनटीसोबत एनटीएफएस आलं, त्यात एका फाईलला जास्तीचे प्रवाह जोडता यायचे. मॅकच्या फाईली नीट सांभाळता याव्यात, हे त्यामागचं एक कारण.

सगळ्यात भारी प्रयोग केला बीओएसने. १९९० च्या दशकात डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल म्यूरिलाँ यांनी त्याची फाईल सिस्टिम लिहिली. तिथे प्रत्येक ईमेल म्हणजे एक फाईल, आणि पाठवणारा, विषय, तारीख हे सगळं तिचे ॲट्रिब्यूट. अख्खी डिस्क डेटाबेससारखी शोधता यायची. जाम्पाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि स्पॉटलाइटवर काम केलं. २००५ च्या मॅक ओएस टेन टायगरमध्ये स्पॉटलाइट आणि एक्सॲटर दोन्ही आले.

आता खरा प्रश्न. फाईल उघडून वाचली की आतला मजकूर मिळतो, चिठ्ठ्या नाही. मग चिकटलंय काय, हे कळणार कसं? त्यासाठी थेट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावं लागतं. लिनक्सच्या २.४ मालिकेपासून यासाठी लिस्टएक्सॲटर हा सिस्टिम कॉल आहे. त्याची रीत गमतीशीर आहे. आधी रिकाम्या हाताने विचारायचं, "यादी केवढी आहे?" तो बाइट्स सांगतो. मग तेवढी जागा घेऊन परत जायचं. तो सगळी नावं एका ओळीत भरून देतो, प्रत्येक नावाच्या शेवटी एक शून्य बाइट. या दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणी नवी चिठ्ठी लावली तर जागा कमी पडते, एरर येते, आणि पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागतं.

फ्रीबीएसडीने दुसराच रस्ता धरला. तिथे शून्य बाइट नाही. प्रत्येक नावाआधी एका बाइटमध्ये त्याची लांबी. मॅकवर कॉलचं नाव लिनक्ससारखंच, पण एक पॅरामीटर जास्त. म्हणजे एकच काम, तीन तऱ्हा, कारण पॉसिक्स या सामाईक मानकात एक्सॲटर कधी आलेच नाहीत. पायथनने २०१२ च्या ३.३ आवृत्तीत यादी काढायची सोय दिली, तीसुद्धा फक्त लिनक्सवर.

या गोंधळाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे हरवणं, माझ्यासारखं. लिनक्सवर सीपी, आरसिंक, टार हे तिन्ही, वेगळं सांगितलं नाही तर, चिठ्ठ्या मागेच सोडतात. मॅक निदान फॅटच्या पेनड्राइव्हवर डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाईली बनवून त्यात चिठ्ठ्या ठेवतो. आपण कचरा समजून त्या उडवतो!

दुसरी किंमत उलटी, नको ते चिकटून राहणं. डब्ल्यूगेट हा डाउनलोडचा प्रोग्रॅम फाईल कुठून आणली तो पत्ता एक्सॲटरमध्ये लिहून ठेवायचा. पत्त्यात युजरनेम-पासवर्ड असेल तर तोही. त्याच मशीनवरचा दुसरा माणूस तो वाचू शकायचा. २०१८ च्या अखेरीस १.२०.१ आवृत्तीत हे दुरुस्त झालं.

आणि तुमचा फोन? अँड्रॉइडमध्ये एसईलिनक्स आहे, ५.० पासून तर पूर्ण सक्तीने. कुठल्या ॲपने कुठल्या फाईलला हात लावायचा, हे ठरवताना ते फाईलवरचं एक लेबल बघतं. ते लेबल राहतं एक्सॲटरमध्येच. म्हणजे हे लेख वाचतानाही तुमचा फोन त्या चिठ्ठ्या तपासतोय.

तर मंडळी, दोन गोष्टी करा. फाईल कुणाला देण्याआधी किंवा हलवण्याआधी एकदा यादी काढा. लिनक्सवर गेटएफॲटर, मॅकवर एक्सॲटर ही कमांड आहे. आणि घरात कुणी जुनी माणसं फोटोतली नावं सांगणारी असतील, तर ती नावं सरळ फाईलच्या नावातच लिहा. फाईलचं नाव पेनड्राइव्हवरही सोबत जातं.

तुमचं असं काही हरवलंय का? कॉमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!