दुसरी बॅटरी

झाशीच्या किल्ल्यात 'कडक बिजली' तोफेसमोर उभे होतो. बरोबरच्या तरुण कॅप्टनने विचारले, "सर, गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवलाय. गाणी लावली की हेडलाइट मिचमिचतात. दुसरी बॅटरी टाकू का?"

मी तोफेकडे बोट दाखवले. "बॅटरी हा शब्द मुळात हिच्या घराण्यातला."

तोफांच्या मांडणीला बॅटरी म्हणत. 1749 च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एकत्र जोडल्या आणि त्यांना तेच नाव दिले. मार्च 1858 मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा इथे बॅटरी म्हणजे तोफाच. पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी गॅस्टन प्लान्टेने 1859 मध्ये बनवली.

1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि इंजिन उठवणे हे बॅटरीचे पहिले कर्तव्य झाले. 1930 च्या सुमाराच्या कार रेडिओंना जास्त व्होल्टेज लागे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवत. म्हणजे गाण्यासाठी दुसरी बॅटरी ही कार रेडिओइतकीच जुनी. दुसऱ्या महायुद्धातली जीप 6 व्होल्टची, तर 19 नंबरचा वायरलेस सेट 12 व्होल्टचा. सेटच्या बॅटऱ्या वेगळ्या लागत. जुन्या सिग्नलवाल्यांना चार्जिंग इंजिनची फटफट अजून आठवत असेल.

हा धडा मी लेफ्टनंट असताना शिकलो. एका सरावात रात्रभर सेट गाडीच्याच बॅटरीवर चालवला. पहाटे हलायचा हुकूम आला आणि स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प बसला. जवानांनी धक्का मारला, मागचा सगळा ताफा खोळंबला. सराव होता म्हणून निभावले.

कॅप्टनला सांगितले, दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही, ती अल्टरनेटर करतो. इंजिन चालू असताना दिवे मिचमिचत असतील तर आधी अल्टरनेटर, केबलची जाडी आणि अर्थिंग तपास. 12 व्होल्टवर 1000 वॉट म्हणजे 80 अँपिअरच्या वर. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची असतील तर डीप सायकल बॅटरी जरूर घे. पण दोन्हींमध्ये आयसोलेटर हवा, म्हणजे इंजिन बंद होताच त्या वेगळ्या होतील. आणि जोडणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना, बॅटरीजवळच, फ्यूज हवा.

1 एप्रिल 1858 ला तात्या टोपे राणीच्या मदतीला बेतवेपाशी लढले. रोजने वेढा उठवला नाही. त्याच्या तोफा झाशीवर चालूच राहिल्या आणि बाकीच्या फौजेने तात्यांना अडवले. एका कामाचे बळ त्याने दुसऱ्यात खर्चू दिले नाही. मराठी माणसाला हे कडू लागते, मलाही लागते. पण शिकायचे ते शत्रूकडूनही शिकावे.

पुढच्या रविवारी कॅप्टनने फोन केला, "सर, अर्थिंगच ढिले होते."